शाळेच्या बजेटला भगदाड: गाव खरं बोलतंय की शाळा?

वेलदोडा | ११ मार्च
वैतागून धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला एका गावात राहतो. नाव आणि आकडे देत नाही, कारण आमच्या गल्लीतलेच दोन आयडी इथे आहेत. आठ वर्षांपूर्वी "शाळा चांगल्या आहेत" एवढ्या एका वाक्यावर घर घेतलं. आता त्याच शाळांच्या पुढच्या वर्षाच्या बजेटला मोठं भगदाड पडलंय. परवा मिडल स्कूलच्या कॅफेटेरियात सुपरिटेंडेंटबाईंनी (गावातल्या सगळ्या शाळांच्या प्रमुख) स्लाइड्स दाखवल्या. कपातीचे तीन टप्पे. पहिल्यात लायब्ररीतल्या असिस्टंट आणि दोन रीडिंग स्पेशालिस्ट. दुसऱ्यात चौथीचं स्ट्रिंग्ज, म्हणजे तंतुवाद्यांचा वर्ग, म्हणजे माझ्या लेकीचा चेलो. तिसऱ्यात तुकड्याच कमी, एकेका वर्गात सत्तावीस-अठ्ठावीस मुलं.

मग सिलेक्ट बोर्डाचे, म्हणजे गावाचा कारभार बघणाऱ्या मंडळाचे, अध्यक्ष उठले. म्हणाले, गाव शाळेला दरवर्षी वाढवूनच देतंय, शाळेनं खर्चाला आवर घालावा. स्कूल कमिटी म्हणाली, गावाकडे फ्री कॅश पडून आहे. तासभर नुसती टोलवाटोलवी.

मे महिन्यात ओव्हरराइडचं, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्स कायद्यातल्या मर्यादेच्या वर न्यायचा का याचं, मतदान आहे. माझे प्रश्न दोनच. खरं कोण बोलतंय? आणि आम्ही ग्रीन कार्डाच्या रांगेत, म्हणजे टॅक्स भरायचा पण मत नाही, तर अशा मीटिंगला जाऊन बोलण्यात काही अर्थ आहे का?

निळावंती | ११ मार्च
रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडेही हेच चालू आहे.

टेक्ससचा_तात्या | ११ मार्च
ग्रीन कार्डाची रांग सरकेपर्यंत लेक बोर्डावर निवडून येईल. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

खडूफळा | १२ मार्च
वेलदोडा, मी मॅसॅच्युसेट्समध्येच एका गावाच्या फिनकॉमवर, म्हणजे बजेट तपासणाऱ्या समितीवर, सहा वर्षं काढली आहेत. तुमचं गाव कुठलं ते ओळखलं नाही, पण गोष्ट पाठ आहे.

दोघंही खरं बोलताहेत. वाईट वाटेल, पण तसंच आहे.

१९८० साली इथल्या मतदारांनी प्रपोझिशन अडीच मंजूर केलं. गावानं गोळा करायचा एकूण प्रॉपर्टी टॅक्स आदल्या वर्षीच्या मर्यादेपेक्षा अडीच टक्क्यांच्या वर न्यायचा नाही. नव्या बांधकामाचा टॅक्स तेवढा वेगळा. लोकांचा हमखास गोंधळ होतो तो इथे: ही मर्यादा गावाच्या एकूण वसुलीवर आहे, तुमच्या बिलावर नाही. तुमचं बिल सहा टक्क्यांनी वाढू शकतं आणि तरी गाव कायद्यातच असतं.

आता समजा शाळेचा खर्च १०० डॉलर आहे. त्यातले ऐंशीच्या आसपास पगार आणि विमा. आरोग्य विम्याचे हप्ते हल्ली कित्येक गावांत दोन आकडी टक्क्यांनी वाढलेत. तरी एकूण खर्च वर्षाला ४ टक्केच वाढतो असं धरू. टॅक्स वाढणार अडीचनं. पहिल्या वर्षी दीड डॉलर कमी पडतो. इथली सतरंजी तिथे सरकवून भागतं. दहा वर्षांनी खर्च १४८ आणि उत्पन्न १२८. आता कुठली सतरंजी सरकवणार? मध्ये कोणी चोरी केलेली नसते.

"वाढवूनच देतोय" हे गावाचं म्हणणं म्हणून खरं. "आमची कपात होतेय" हे शाळेचं म्हणणंही खरं. बजेटच्या पुस्तकात 'लेव्हल फंडेड' आणि 'लेव्हल सर्व्हिस' असे दोन शब्द सापडतील. पहिल्याचा अर्थ तेवढेच पैसे. दुसऱ्याचा अर्थ आत्ता जे चाललंय तेच चालू ठेवायला लागतील तेवढे पैसे. अर्धी भांडणं या दोन शब्दांच्या फटीत होतात.

फ्री कॅशबद्दल: ती मागच्या वर्षीची शिल्लक. तिच्यातून छप्पर दुरुस्त करा, फायर ट्रक घ्या. शिक्षकाचा पगार दिलात तर पुढच्या जुलैत तोच शिक्षक पुन्हा दारात उभा.

राज्याचं म्हणाल, तर चॅप्टर ७० ची (शाळांना राज्याकडून मिळणारी) मोठी मदत गरीब गावांकडे जाते, आणि ते योग्यच आहे. तुमच्यासारखी बॉस्टनच्या पश्चिमेची गावं बहुतेक 'मिनिमम एड'मध्ये, म्हणजे कमीत कमी वाढ मिळणाऱ्यांत, असतात. २०२४-२५ मध्ये ती वाढ विद्यार्थ्यामागे १०४ डॉलर होती. चेलोच्या तारा येतील फार तर.

वेलदोडा | १२ मार्च
बाप रे. दोन तासांच्या मीटिंगमध्ये हे कोणी असं सांगितलं नाही.

गार्डन_स्टेटवाली | १२ मार्च
आमच्या न्यू जर्सीत २०१० च्या कायद्यानं २ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे तुमच्याहून अर्धा टक्का कमीच. विमा वगैरे थोडे अपवाद आहेत. पण आमचं खरं भांडण पायलटवरून आहे. विमानवाला नव्हे. गाव बिल्डरला सांगतं की तू तीस वर्षं नेहमीचा टॅक्स भरू नकोस, त्याऐवजी ठरलेली रक्कम दे. त्या रकमेतले ९५ टक्के गावाला, ५ टक्के काउंटीला, आणि शाळेला कायद्यानं भोपळा. गावानं राजीखुशीनं दिलं तर दिलं. स्टेशनजवळ चकाचक बिल्डिंगी उभ्या राहतात, मेयर फीत कापतात, आणि सप्टेंबरात तिथली मुलं दप्तर घेऊन आमच्या शाळेत. गावाला पैसा, शाळेला पोरं.

त्यात २०१८ च्या एस-टू कायद्यानं राज्याची मदत सात वर्षांत नव्यानं वाटली. काही गावांना घसघशीत मिळालं, काहींचं दरवर्षी कापत गेले. आम्ही कापलेल्यांतले.

पेठेतला_पाव्हणा | १२ मार्च
एक बाळबोध प्रश्न. एवढा श्रीमंत देश, मग वॉशिंग्टनहून का नाही येत सगळं?

ओसरी | १३ मार्च
पाव्हणे, तिथून एकूण शालेय खर्चाच्या साधारण दहा टक्क्यांच्या आत-बाहेरच येतं. बाकी राज्य आणि गाव. १९७३ च्या सॅन अँटोनिओ विरुद्ध रॉड्रिगेझ खटल्यात (गरीब भागातल्या शाळांना कमी पैसे मिळतात यावरचा) सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी सांगून टाकलं की शिक्षण हा संघराज्याच्या घटनेनं दिलेला मूलभूत हक्क नाही. तेव्हापासून जो तो आपापल्या राज्याच्या कोर्टात. टेक्ससच्या तात्यांना विचारा, खटला त्यांच्याकडचाच.

टेक्ससचा_तात्या | १३ मार्च
हो, आणि आम्ही नंतर त्यावर तोडगाही काढला. १९९३ पासून 'रीकॅप्चर'. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे एका भागातल्या शाळांचा कारभार, जिल्हा नव्हे) जमिनी महाग, त्यांच्याकडून राज्य पैसे काढून घेतं. लोक त्याला रॉबिन हूड म्हणतात. आता गंमत बघा. महाग घरं म्हणजे श्रीमंत डिस्ट्रिक्ट असा हिशोब, पण ऑस्टिनमधल्या गरिबांच्या पोरांची शाळाही त्याच महाग जमिनीवर. राज्याच्या निधीचा विद्यार्थ्यामागचा मूळ आकडा २०१९ पासून ६,१६० डॉलरवर गोठलेला. तोंडावर एवढी महागाई आणि २०२५ मध्ये वाढवला किती? ५५ डॉलर. बाकीचे पैसे दिले म्हणे, पण "हे यालाच वापरा" अशी चिठ्ठी लावून.

मिसळ_मॉम | १३ मार्च
तात्या, पण फुटबॉलची स्टेडियमं बांधायला पैसे असतात तुमच्याकडे.

टेक्ससचा_तात्या | १३ मार्च
आलंच मला वाटलं. ॲलनचं हायस्कूल स्टेडियम, सुमारे ६ कोटी डॉलर, २०१२ मध्ये उघडलं. २०१४ मध्ये काँक्रीटला तडे गेले म्हणून बंद, मग दुरुस्ती. माझा मेहुणा अजून फोटो पाठवतो. पण ते बाँडचे, म्हणजे कर्जरोख्यांचे, पैसे. बाँडमधून इमारत बांधता येते, बाकं घेता येतात, मास्तरला पगार देता येत नाही. म्हणून नवंकोरं सायन्स बिल्डिंग आणि आत शिकवायला सब्स्टिट्यूट, असलं दृश्य दिसतं.

मिसळ_मॉम | १३ मार्च
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पण हे खरंच माहीत नव्हतं. मी आजवर प्रत्येक बाँडला नाकं मुरडत होते.

रोखठोक | १४ मार्च
इथे सगळे एका सुरात गाताहेत म्हणून वेगळा सूर लावतो.

मुलं कमी होताहेत, स्टाफ वाढतोय. याला काय म्हणायचं? कोविडनंतर केंद्रानं तीन हप्त्यांत मिळून सुमारे १९,००० कोटी डॉलर दिले. शेवटचा हप्ता सप्टेंबर २०२४ पर्यंत मार्गी लावायचा होता, हे २०२१ पासून सगळ्यांना माहीत होतं. तरी डिस्ट्रिक्टांनी कोच घेतले, कोऑर्डिनेटर घेतले, असिस्टंट सुपरिटेंडेंटला असिस्टंट घेतले. दिवाळीच्या बोनसवर गाडीचा हप्ता लावायचा आणि मार्चमध्ये रडायचं. वर प्रत्येक वेळी कापायला काढतात ते संगीत आणि लायब्ररी. ऑफिसातलं एक टेबल हलत नाही. पालक घाबरून 'येस'ला मत देणार हे पक्कं ठाऊक असतं.

माझ्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक बाई आहेत. नवरा गेला, पेन्शन ठरलेलं. टॅक्स भरता यावा म्हणून गेल्या हिवाळ्यात हीटर ६० फॅरनहाइटवर ठेवून स्वेटर घालून बसायच्या. ओव्हरराइड कायमचा असतो, एका वर्षाचा नाही. त्यांच्याकडे बघून बोला.

खडूफळा | १४ मार्च
रोखठोक, बोनसवर हप्ता लावला हे मान्य. सगळ्यांनी नाही, पण पुष्कळांनी. आमच्या समितीनंही दोन जागांना डोळेझाक केली होती, त्यात मीही होतो. तेव्हा मुलं वर्षभर घरी बसून आलेली. रीडिंगची बाई नको असं म्हणायला जीभ रेटली नाही.

"मुलं कमी तर खर्च कमी" एवढं सरळ मात्र नसतं. शंभर मुलं घटली तर ती एकाच शाळेतून, एकाच वर्गातून जात नाहीत. इथे दोन, तिथे तीन. बॉयलर तोच, बस तीच, वर्गात २३ ऐवजी २१ मुलं. खर्च खऱ्या अर्थानं कमी होतो तो शाळा बंद केल्यावर. आणि ते नाव काढलं की मीटिंगला लोक पाट्या घेऊन येतात.

आजींसाठी राज्यात सूट आणि टॅक्स पुढे ढकलण्याच्या सोयी आहेत, असेसरच्या ऑफिसात अर्ज मिळतो. बऱ्याच जणांना ते कोणी सांगतच नाही. तुम्ही सांगा.

रोखठोक | १४ मार्च
सांगतो. हे माहीत नव्हतं.

बे_एरियातला_बोका | १५ मार्च
शाळा बंद करण्यावरून: क्युपर्टिनोत २०२२ मध्ये प्राथमिक शाळा बंद झाल्या. होय, तेच क्युपर्टिनो. घरं एवढी महाग की लहान मुलं असलेली कुटुंबं येतच नाहीत. त्यात १९७८ चं प्रपोझिशन १३. जुन्या घराचं टॅक्सपुरतं मूल्य वर्षाला फार तर २ टक्के वाढतं, घर विकेपर्यंत. एकाच रस्त्यावर, एकसारख्या दोन घरांत, एकाचं बिल दुसऱ्याच्या पाचपट असू शकतं.

आता एक पाप कबूल करतो. कॅलिफोर्नियात बहुतेक डिस्ट्रिक्टांना राज्याचे पैसे हजेरीवर मिळतात. पटावर किती यावर नाही, रोज प्रत्यक्ष किती आले यावर. आम्ही गेल्या डिसेंबरात तिकिटं स्वस्त म्हणून पोरांना सुट्टीच्या दहा दिवस आधीच भारतात नेलं. परत आल्यावर ऑफिसातल्या बाईंनी शांतपणे कागदावर हिशोब मांडून दाखवला. दोन पोरं, प्रत्येकी दहा दिवस. मी जमिनीत गेलो.

निळावंती | १५ मार्च
अरे देवा. आम्ही दरवर्षी तीन आठवडे नेतो. शाळेच्या फंडरेझरला शंभर डॉलर देऊन पुण्य कमावल्यासारखं मिरवतो ते वेगळंच.

मिसळ_मॉम | १५ मार्च
अख्ख्या डिस्ट्रिक्टच्या तुटीचं मूळ सापडलं: मावसबहिणीचं लग्न.

बे_एरियातला_बोका | १५ मार्च
उपाय आहे. निघण्याआधी ऑफिसात जाऊन 'इंडिपेंडंट स्टडी'चा करार सही करायचा. शिक्षिका अभ्यासाचा गठ्ठा देते, पोरानं तो पुरा करून आणला की हजेरी धरतात.  आमचा गठ्ठा यंदा आजीच्या माळ्यावर राहिला, पण करार तरी केला होता.

ओसरी | १५ मार्च
मॅसॅच्युसेट्सवाल्यांनी घाबरू नये, तुमच्याकडे १ ऑक्टोबरची पटसंख्या मोजतात. त्या दिवशी तेवढं शाळेत नाव असू द्या, लग्नं नंतर करा.

अबोली | १६ मार्च
मी सहसा लिहीत नाही. पण दरवेळी असा धागा निघाला की पुढची पोस्ट कुठली येणार ते मला माहीत असतं: "स्पेशल एडमुळे (विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणामुळे) बजेट फुगतंय." अजून आली नाही, येण्याआधी लिहिते.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, बोलत नाही. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये त्याच्यासाठी प्रोग्रॅम नाही म्हणून तो चाळीस मिनिटांवरच्या शाळेत व्हॅननं जातो. फी डिस्ट्रिक्ट भरतं. बजेटच्या पुस्तकात 'आउट ऑफ डिस्ट्रिक्ट ट्यूशन' अशी एक ओळ असते. त्या ओळीत माझं पोर आहे. मीटिंगमध्ये कोणीतरी लेझर पॉइंटरचा लाल ठिपका तिच्यावर फिरवत "ही वाढ बघा" म्हणतं. नाव घेत नाहीत, पण गाव लहान आहे. माना वळतात.

ही फी डिस्ट्रिक्ट ठरवत नाही, मीही ठरवत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये अशा खासगी शाळांचे दर राज्य ठरवतं. २०२३-२४ साठी त्यांनी एका दमात १४ टक्के वाढ मान्य केली होती. कारण तिथल्या शिक्षकांचे पगार इतके कमी की माणसं टिकत नव्हती. राज्य 'सर्किट ब्रेकर' नावाच्या योजनेतून ठरावीक मर्यादेवरच्या खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत परत देतं, तेही पुढच्या वर्षी. आणि केंद्रानं १९७५ च्या कायद्यात अशा प्रत्येक मुलामागे देशातल्या सरासरी विद्यार्थीखर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत भार उचलण्याचं म्हटलं होतं. एकदाही त्याच्या जवळपास पोचले नाहीत. तो लाल ठिपका तिकडे फिरवा ना.

रोखठोक | १६ मार्च
अबोली, ती पोस्ट माझीच आली असती. खोटं कशाला बोलू, अर्धी टाइप केलेली होती. पुसली.

गार्डन_स्टेटवाली | १६ मार्च
अबोली, मिठी.

वेलदोडा | १६ मार्च
अबोली, आमच्या मीटिंगमध्येही तो ठिपका होता. मी त्या ओळीकडे बघून "एवढे?" असं पुटपुटले होते. पुढच्या बाकावरच्या बाईंनी मागे वळून पाहिलं. आता कळलं का ते.

सदाशिव_स्टॅमफर्ड | १७ मार्च
माझे दोन पैसे. ओव्हरराइडला विरोध करणारे विसरतात की शाळेचं नाव घसरलं की घराची किंमतही घसरते.

भाडेकरू_नंबर_एक | १७ मार्च
आणि घराची किंमत वाढली की माझं भाडं वाढतं. आम्ही दोन्ही बाजूंनी भरतो आणि "हे लोक टॅक्स कुठे भरतात" हेही ऐकतो. मालक काय स्वतःच्या खिशातून भरतो का टॅक्स?

(यानंतर घर घ्यावं की भाड्यानं राहावं यावर सतरा प्रतिसाद झाले, ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. – ॲडमिन)

खडूफळा | १९ मार्च
मूळ दुसऱ्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही. वेलदोडा, जा आणि बोला. स्कूल कमिटीच्या सभेत जनतेला बोलायची दोन-तीन मिनिटं असतात. पासपोर्ट कुठला ते विचारत नाहीत, गावात राहता का एवढंच. टाउन मीटिंगमध्ये, म्हणजे गावाच्या मतदारांच्या सभेत, मतदार नसलेल्यांना वेगळं बसवतात, बोलायला सभा चालवणाऱ्या मॉडरेटरची परवानगी लागते. पण तोवर फार उशीर झालेला असतो. टाउन मीटिंग शाळेच्या बजेटचा फक्त एकूण आकडा ठरवते. त्यातून व्हायोलिन कापायचं की व्हाइस प्रिन्सिपल, हे स्कूल कमिटी ठरवते. म्हणून बोलायचं तर तिथे.

आणि "संगीत किती महत्त्वाचं" यावर भाषण करू नका, ते सगळेच करतात. एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर आकड्यात द्यावं लागेल.

बे_एरियातला_बोका | १९ मार्च
सॅन फ्रान्सिस्कोत २०१६ च्या प्रपोझिशन एनमुळे नागरिक नसलेल्या पालकांनाही स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येतं. पण ते अपवादच.

ओसरी | १९ मार्च
यावरून एक गंभीर सूचना, सगळ्या एच-वनवाल्यांसाठी. लायसन्सच्या ऑफिसात "मतदार नोंदणी करायची का" असं स्क्रीनवर येतं. घाईत 'हो' दाबू नका. आपण नागरिक असल्याचं खोटं सांगितलं असा त्याचा अर्थ निघतो, आणि ग्रीन कार्डाच्या वेळी भलतंच महागात पडतं.

वेलदोडा | २ एप्रिल
अपडेट. काल जाऊन बोलले. समोर टेबलावर छोटा सिग्नल ठेवलेला असतो, हिरवा-पिवळा-लाल. कागद थरथरत होता म्हणून तो टेबलावरच ठेवला. विचारलं: चौथीचं स्ट्रिंग्ज बंद करून नक्की किती वाचतात, आणि त्या शिक्षिका पाचवी ते आठवीलाही शिकवत असतील तर खरंच किती?

बिझनेस मॅनेजर पानं उलटत बसले. पिवळा लागला. मग म्हणाले, त्या पूर्ण वेळच्या नोकरीतला एक पंचमांशच चौथीला जातो. स्लाइडवर मात्र अख्खी जागा धरली होती. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि "हा आकडा पुढच्या सभेत दुरुस्त करून आणा" म्हणाल्या.

बाहेर पार्किंगमध्ये एक वयस्कर गृहस्थ थांबले होते. म्हणाले, मी 'नो'लाच मत देणार आहे, पण प्रश्न चांगला होता.

रोखठोक | २ एप्रिल
बघा! म्हणत नव्हतो, स्लाइडा फुगवतात!

खडूफळा | २ एप्रिल
फुगवली असेलच असं नाही, घाईत केली असेल. पण सापडली तुम्हाला, त्यांच्याच ऑफिसातल्या कोणाला नाही.

वेलदोडा | २१ मे
मतदान झालं. ओव्हरराइड पडला, थोडक्यात. स्कूल कमिटीनं काल अंतिम यादी केली. चौथीचं स्ट्रिंग्ज राहिलं, आठवड्यात दोनऐवजी एक दिवस. रीडिंगच्या दोघींपैकी एक गेली. लेकीच्या शाळेतली नेमकी तीच. लायब्ररीतल्या दोघी गेल्या. दुपारी तिथे पालक आळीपाळीनं बसायचे म्हणे, मी बुधवार घेतलाय.

अबोली | २१ मे
आणि आउट ऑफ डिस्ट्रिक्टची ओळ?

वेलदोडा | २१ मे
तिला हात लावला नाही. एकानं ठिपका फिरवायला घेतला होता. बिझनेस मॅनेजरनीच सांगितलं, हे दर राज्य ठरवतं, पुढे चला.

टेक्ससचा_तात्या | २२ मे
बुधवारी लायब्ररीत बसणार तर इथे कोण लिहिणार?

खडूफळा | २२ मे
पुढच्या वर्षाच्या बजेटची पहिली सभा ऑक्टोबरात असते. कॅफेटेरिया रिकामा असतो, बसायला हवी ती जागा मिळते.

निळावंती | २२ मे
१ ऑक्टोबरनंतर का? आमचं तिकीट ४ तारखेचं आहे.